शनिवारचा प्रश्न

"विचारू नकोस गं प्रश्न," मैत्रीण फोनवर म्हणाली होती, "आणि विचारायचाच झाला तर सगळ्यांना येईल असा विचार." त्यावर इकडे ती हसली होती. "सगळ्यांना येईल असा? म्हणजे काय, दोन अधिक दोन?" "हो, दोन अधिक दोन विचार. बिघडलं कुठे?" पलीकडे शिलाई मशीनची खडखड चालली होती, ती थांबली, आणि मैत्रीण जरा खालच्या आवाजात म्हणाली, "तू मापं घेत नाहीस, मी घेते. कॉलरचं माप घ्यायला टेप गळ्याकडे नेली की पोरी मान आत ओढतात. सगळ्या नाही. सातवीच्या." छोटी कडेवर, फोन खांद्यात, एका हाताने बाटल्या विसळणं चाललेलं, तिने ते बोलणं नळाच्या पाण्याबरोबर वाहू दिलं. मनात आलं, लागलं हिला. नववीत शाळा सोडली, त्याच शाळेचे गणवेश शिवत बसली. आणि आपल्याला तीच शाळा इतक्या लांबून मानाने बोलावतेय, लागायचंच. हे मनात आलं तेव्हा त्याची लाज वाटली नाही, उलट जरा बरंच वाटलं. पुढे तीन आठवड्यांनी सगळं होऊन गेल्यावर ती बाटल्या विसळायला उभी राहिली की तेवढंच वाक्य यायचं, मापं घेत नाहीस, मी घेते, आणि हातातली बाटली निसटून बेसिनमध्ये आपटायची.

शनिवारच्या प्रश्नाची पद्धत परदेशातल्या माजी विद्यार्थ्यांनी काढलेली. त्यांच्या ग्रुपचा कारभार बघणारा वर्गात खरोखरच मॉनिटर होता, अजूनही सगळे त्याला मॉनिटरच म्हणत. शाळेने आपल्याला घडवलं, आपण शाळेला काय परत करणार, असं त्याने एकदा भरून येऊन लिहिलं, शंभर जणांनी हात जोडले आणि ठरलं: दर शनिवारी सकाळी कुणीतरी एकाने सातवीच्या वर्गातल्या पडद्यावर यायचं, आपण काय काम करतो ते पाच मिनिटं सांगायचं आणि मुलांना एक प्रश्न विचारायचा. मुलं उत्तर शोधत असताना पाहुण्याने आपला आवाज बंद ठेवायचा, कारण पहिल्याच शनिवारी कुणाचा तरी कुत्रा वर्गभर भुंकला होता. शेवटी फोटो. फोटो ग्रुपवर पडला की बदाम, टाळ्या, आपली शाळा ती आपली शाळा. वर्ग सांभाळायला लांब्या. त्यांच्याच वर्गातला, मागच्या बाकावरचा, सगळ्यात जास्त उत्तरं चुकणारा. तो आता तिथेच सर होता. तिची पाळी जाहीर झाली तेव्हा मॉनिटरने लिहिलं, "येत्या शनिवारी आपली हातोडी!" आणि हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. नवऱ्याने विचारलं, हातोडी का? ती म्हणाली, धडे डोक्यात ठोकून ठोकून पाठ करायचे ना मी, म्हणून. इतकं चटकन खोटं बोलली की तिला स्वतःलाही ते खरं वाटलं.

ती खेळणी मोडायचं काम करते. बाजारात येण्याआधी प्रत्येक खेळणं तिच्या प्रयोगशाळेत येतं. तिथे ते ठरलेल्या उंचीवरून आपटायचं, ठरलेल्या वजनाखाली दाबायचं, बाहुलीचा डोळा चिमट्यात धरून किती ताकदीला उपटून येतो ते बघायचं, आणि तुटलेला तुकडा एका पोकळ नळकांड्यात टाकून पाहायचा. आत मावला तर तो बाळाच्या घशातही मावेल, खेळणं नापास. आठ तास मुंडकी उपटून ती घरी येते आणि छोटीच्या हातातली प्रत्येक वस्तू त्याच नजरेने बघते. छोटी चौदा महिन्यांची. टेबलाच्या कोपऱ्यांना रबर, सॉकेटना झाकणं, खिडकीला दोन कड्या. नवरा म्हणतो, "अगं, एक दिवस हवेलाही कव्हर घालशील तू." रस्त्यात कुणी मोठ्याने बोललं तरी तिचा हात छोटीच्या डोक्यावर जातो. अशा बाईने पंधरा दिवस खपून प्रश्न तयार केला, आणि तयार करताना एकच बघितलं, की सगळे फसले पाहिजेत. एक जड बाहुली आणि एक हलकी बाहुली, दोन्ही एकाच उंचीवरून, एकदम सोडल्या. आधी कुठली आपटेल? सगळे म्हणणार, जड. एखादंच पोर म्हणेल, दोन्ही एकदम. त्या एका पोरासाठी प्रश्न होता. ते पोर कोण असेल याची ती गालातल्या गालात हसत कल्पना करत होती, आणि कल्पनेत त्या पोराला तिचाच चेहरा होता.

तिच्याकडे दुपार होती. छोटी मांडीवर, समोर लॅपटॉप. पडद्यावर वर्गाचे पुढचे दोन बाक, फळ्याची एक कड, आणि कॅमेऱ्यात बसावा म्हणून वाकलेला लांब्या. तिने दोन बाहुल्या दाखवल्या, मुलं खुदखुदली, प्रश्न विचारला, रीतसर आवाज बंद केला. लांब्या रांगेने उठवत गेला. जड, जड, जड बाई, जड. मग पुढच्याच बाकावरची दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली आणि इतक्या हळू म्हणाली की लांब्याला परत विचारावं लागलं: "दोन्ही." तिला इतका आनंद झाला की तिने छोटीचा पापा घेतला. पडद्यावर लांब्याने मानेने खूण केली. मुलगी बाकातून बाहेर आली आणि चौकटीच्या बाहेर गेली. आणि टाळ्या सुरू झाल्या. "अरे वा," ती बंद आवाजातच म्हणाली, "टाळ्या!" मांडीवर छोटीनेही हात उचलले आणि आवाजाबरोबर ती एकेक टाळी वाजवायला लागली. एक. मग जरा थांबून एक. मग एक. छोटीला साथ देता येत होती. टाळ्यांना कधी साथ देता येत नाही, त्या एकदम पडतात, पावसासारख्या. ह्या एकेक पडत होत्या, मधे दोन पावलं सरकल्याचा आवाज, मग एक. तिच्या उजव्या तळव्याला मुंग्या आल्या. तळव्याला आधी कळलं, मग तिला.

तिच्या वेळच्या जुन्या सरांनी आयुष्यात कुणावर हात उचलला नाही. अशी त्यांची ख्यातीच होती, आणि ती खरी होती. इतर वर्गांत पट्ट्या मोडत, छड्या फुटत, सरांच्या गणिताच्या तासाला टेबलावर खडू आणि डस्टर, बस. नियम एकच. ज्याला उत्तर आलं त्याने उठायचं आणि ज्यांचं चुकलं त्यांच्या रांगेने थोबाडीत देत जायची. ती बहुतेक रोज उठायची. पहिल्या दिवशी तिने हलकेच मारलं होतं, गालाला नुसता हात लावून पुढे सरकली होती. सरांनी प्रेमाने जवळ बोलावलं, तिचं मनगट धरलं, म्हणाले, "अशी नाही, बाळ. अशी," आणि तिचाच हात तिच्याच गालावर हाणला. "आता कळलं? पुन्हा पहिल्यापासून." पुन्हा पहिल्यापासून. महिन्याभरात ती शिकली. बोटं जुळवलेली हवीत, मनगट ताठ नको, फटका खांद्यातून आला पाहिजे आणि बसला पाहिजे तो गालाचं हाड संपतं तिथे, कानाच्या पाळीला लागून. तिथे आवाज चांगला येतो आणि आवाज आला की सर पुढे जाऊ देतात. मुलगे डोळे मिटत, मुली उघडे ठेवत. लांब्याची उंची जास्त, त्याला मारायला तिला चवड्यांवर उभं राहावं लागे. तर तोच पुढे पुढे आपणहून वाकायला लागला, हातोडी आली म्हणत, आणि वर्ग हसायचा, तीही हसायची. मैत्रीण शेजारच्याच बाकावर. ती शेवटची यायची, कारण रांग तिथे संपे, आणि तोवर मारणारा हात तापून लाल झालेला असे, सगळ्यात जोराची तिलाच बसे. मधल्या सुट्टीत मैत्रीण गाल चोळत म्हणायची, "आज बरी होती गं, कालच्यापेक्षा," आणि दोघी एकाच डब्यातून खायच्या. नववीत मैत्रिणीने शाळा सोडली. गणित जमत नाही म्हणाली. कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही. आणि एक गोष्ट तिने आजवर नवऱ्याला काय, स्वतःलाही धड सांगितली नव्हती: तो तापलेला तळवा तिला आवडायचा. घरी जाताना ती मूठ मिटून घ्यायची, ऊब राहावी म्हणून.

"थांबवा," ती ओरडली. "लांब्या, थांबव ते! सर! ए मुली!" छोटी दचकून तिच्याकडे बघायला लागली. पडद्यावर पुढच्या बाकावरचा एक मुलगा गालावर हात ठेवून शांत बसला होता, फळ्याकडे बघत, जणू दात दुखतोय. फट. दोन पावलं. फट. ती ओरडतच राहिली आणि आवाज बंद आहे हे तिच्या ध्यानात यायला वर्गाची एक अख्खी रांग जावी लागली. बटण सापडेना, छोटीने लॅपटॉपवर हात आपटला, पडद्यावरची खिडकी लहान झाली, मोठी झाली. तेवढ्यात लांब्याचा ओळखीचा, समजावणीचा सूर आला, "अशी नाही, बाळ. शेवटचीला अशी सोडायची का?" आणि मग जो आवाज आला तो फट असा नव्हता. आधी तो, मग बाक सरकल्याचा, मग लाकडावर काहीतरी जड आपटल्याचा. पोरं एकदम उभी राहिली, धक्क्याने कॅमेरा मागच्या बाकांकडे वळला, चौकटीत नुसते निळे शर्ट. त्यांच्या फटीतून तिला दिसलं: खिडकीकडच्या शेवटच्या बाकापाशी एक बारीकशी मुलगी जमिनीवर बसलेली, दोन्ही हातांनी एकच कान दाबून धरलेला, आणि बोटांच्या मधून लाल ओघळ कोपरापर्यंत आलेला. ती रडत नव्हती. तोंड उघडं होतं. दोन वेण्यांची मुलगी तिच्यासमोर आपला हात आपल्यापासून लांब धरून उभी होती, कुणाचा तरी हात सांभाळायला दिल्यासारखा. मग चौकटभर लांब्याचा चेहरा आला, "नेटवर्क जरा," म्हणाला, आणि पडदा काळा झाला. काळ्या पडद्यात ती आणि छोटी. छोटी अजून टाळ्या वाजवत होती.

दहा मिनिटांत ग्रुपवर फोटो पडला, सुरुवातीचाच, दोन बाहुल्या उंचावून हसणारी ती. वा हातोडी! काय प्रश्न! आम्ही पण जडच म्हणालो असतो. तिने लिहिलं, ती मुलगी कशी आहे? कुठली मुलगी? शेवटच्या बाकावरची, तिच्या कानातून रक्त आलं. मग मॉनिटरने लिहिलं, "लांब्याशी बोलणं झालं. उपाशीपोटी आली होती, चक्कर येऊन बाकावर पडली. आता ठणठणीत आहे." मग ओघ सुरू झाला. आपण नाही का खाल्ल्या. त्या थोबाडीतच आज इथवर घेऊन आल्या. आजकालची पोरं नाजूक. हातोडीच्या हातची खाल्ली नाही तो आपल्या शाळेचाच नाही. कुणीतरी रडेपर्यंत हसणारे चार चेहरे टाकले. तिला वाटलं, प्रत्येकजण आपापल्या स्वयंपाकघरात गालावर हात ठेवून हसतो आहे. तिने लांब्याला फोन लावला.

"काय गं, एवढी घाबरलीस?" लांब्या म्हणाला. मागे घंटा वाजत होती, पोरं घरी निघाल्याचा गलका होता. "दवाखान्यात नेलं का तिला?" "पाणी पाजलं, घरी पोचवली. आईबाप कामावर जातात, शेजारणीकडे दिली." "कान दाखवायला हवा. पडदा फाटला असेल." "तू डॉक्टर कधी झालीस? तू तर बाहुल्या मोडतेस ना?" तो मोकळं हसला, त्यात जराही विष नव्हतं, तेच तिला जास्त लागलं. "लांब्या, हे सगळं बंद कर." "मी काय करतो गं? मी हात लावतच नाही कुणाला. सरांचीच पद्धत. पोरं पोरांना शिकवतात." मग आठवण काढल्यासारखा म्हणाला, "तुझा हात मला अजून आठवतो. बाकी कुणाचा नाही आठवत. ती दोन वेण्यांची आहे ना, अगदी तुझ्यासारखी. सुरुवातीला लाजायची." "प्रश्न मात्र झकास होता हां," तो म्हणाला. "चाळीसातली एकोणचाळीस. असा प्रश्न अजून कुणी आणला नव्हता."

एकोणचाळीस. रविवारभर तो आकडा तिच्या कानशिलात वाजत होता. संध्याकाळी छोटीने भाताचा घास थुंकला, दुसरा थुंकला, तिसरा तिच्या तोंडावर थुंकला आणि हसली. तिचा हात उठला. तिने उचलला नाही, तो उठला. बोटं जुळली, मनगट सैल पडलं, सगळं इतक्या वर्षांनी जसंच्या तसं, आणि खांद्यातून खाली आला. शेवटच्या क्षणी तिने तो वळवला. छोटीच्या खुर्चीच्या फळीवर असा बसला की वाटी उडून भिंतीवर गेली आणि फळीला तडा गेला. छोटी रडली नाही. तिने मान आत ओढली. चौदा महिन्यांचं बाळ, कुणी कधी बोट लावलेलं नाही, आणि मान बरोबर तशी, खांद्यांत. नवरा धावत आला. "काय झालं?" "वाटी पडली," ती म्हणाली. त्याने फळीवरचा तडा पाहिला, तिच्याकडे पाहिलं, छोटीला उचललं आणि आतल्या खोलीत गेला. दार ओढून घेतलं. आपटलं नाही, नुसतं ओढलं. पलीकडून तो छोटीला काहीबाही गात होता. थोड्या वेळाने दाराआडूनच म्हणाला, "अगं, तो शाळेचा विषय सोड आता. आम्हीपण खाल्ल्यात. झालं का काही?" बोलताना त्याने छोटीला ह्या कडेवरून त्या कडेवर घेतलेलं तिला आवाजावरून कळलं.

सोमवारी कामावर, धक्का मोजायच्या यंत्राची चकती मोकळी होती. हातोडा वर बांधलेला. सगळे चहाला गेल्यावर तिने बाही सरकवली, बोटं जुळवली आणि चकतीला थोबाडीत दिली. पडद्यावर आकडा आला. तिने शून्यावर आणून परत दिली, जास्त मोठा आकडा. तिसरी, चौथी, रांगेने. बाहुलीचं डोकं ज्या फटक्याला टिकलं पाहिजे असा नियम आहे, त्याच्या तिप्पट आकडा येत होता, आणि ती मोठी झालेली, हात पोसलेला, हे वजा केलं तरी दीडपट उरत होता. म्हणजे बारा वर्षांच्या पोरीने बाहुलीला अशी मारली असती तर बाहुली नापास झाली असती, अख्खा माल परत गेला असता, पत्रं गेली असती. तिला हसू आलं, मग ते थांबेना. शेजारच्या टेबलावरची बाई कप घेऊन आली आणि दारातच थबकली. "काय करतेयस?" "यंत्र बरोबर दाखवतंय का बघत होते." "हाताला बघ तुझ्या." तळवा सुजून लाल झाला होता, आणि ऊब होती त्यात, जुनी, ओळखीची. तिने मूठ मिटली, मग झटकन उघडून हात गार नळाखाली धरला.

गुरुवारी तिने मैत्रिणीला फोन केला. चार दिवस धीर झाला नव्हता. "मी सांगितलं होतं," असं मैत्रीण म्हणाली नाही; मशीन थांबवून नुसती ऐकत राहिली. "ती मुलगी," ती म्हणाली, "माहितीय तुला?" "माप घेतलंय तिचं. नवा गणवेश शिवून पडलाय, सोमवारी न्यायचा होता. आली नाही. शाळेतही नाही, सोमवारपासून हजेरीत रेघ आहे." "घरी गेलीस?" "गेले. कुलूप. शेजारीण म्हणाली, मामाकडे पाठवली. दुसरी म्हणाली, दवाखान्यात. तिसरी दार लावून घेत म्हणाली, तुम्ही कोण लागता तिच्या?" मैत्रिणीने श्वास घेतला. "आणि परवा लांब्या येऊन बसला दुकानात. चांगलं बोलला. म्हणाला, पुढच्या वर्षीचे गणवेश कुणाला द्यायचे ते अजून ठरायचंय. मला दोन पोरं आहेत गं." "तुझ्याही कानाला..." ती बोलून गेली, आणि तिथेच अडखळली. इतक्या वर्षांत हे कधी विचारलं नव्हतं. पलीकडून मशीन पुन्हा सुरू झालं. "मी फोन उजव्याच कानाला लावते," मैत्रीण म्हणाली, "तुझा काय, माझा काय, जुना विषय आहे. हिचा आत्ताचा आहे. काहीतरी कर."

तिने ग्रुपवर सगळं लिहिलं. बाकाचा आवाज, रक्त, लांब्याचं वाक्य, एकोणचाळीस, आणि त्याखाली हेही, की जुन्या वर्गात मारणारी मी होते. पाठवलं, आणि दोन मिनिटांनी त्या जागी ओळ आली की ती आता ह्या ग्रुपमध्ये नाही. मॉनिटरचा वेगळा निरोप, "तू दमलीयेस. बाळ लहान आहे, झोप होत नसेल. ह्या शनिवारी दुसऱ्या कुणाचा प्रश्न ठेवलाय, काळजी करू नकोस." तिने शाळेचा फोन लावला, तो वाजत राहिला. तिने लहान मुलांसाठीच्या मदतीच्या क्रमांकावर तक्रार केली. पलीकडच्या माणसाने सगळं सावकाश लिहून घेतलं आणि विचारलं, आपण प्रत्यक्ष तिथे होतात का? होते, ती म्हणाली. मग म्हणाली, नव्हते. पडद्यावर होते. त्याने तेही लिहून घेतलं.

आज शुक्रवार आहे. छोटी जमिनीवर बसली आहे, आणि ती तिच्या पाठीमागे उभी राहून डबा डब्यावर आपटते आहे, दर आवाजाला बाळ वळून बघतंय ना, ऐकतंय ना, हे पाहते आहे. उद्या सकाळी कुणीतरी पडद्यावर येईल, हसेल, प्रश्न विचारेल आणि रीतसर आपला आवाज बंद करेल. तिला आता कुणाकडे जायला जागा उरलेली नाही, म्हणून ती तुमच्याकडे आली आहे. तुम्ही तिथे असाल, किंवा तिथे तुमचं कुणी असेल. मैत्रिणीकडून रस्ता कळेल, शाळेच्या फाटकासमोरच तिचं दुकान आहे. जा. सातवीचा वर्ग, खिडकीकडची रांग, शेवटचा बाक. ती कान धरून बसलेली मुलगी तिथे नसेल तर घरी, घरी नसेल तर मामाकडे, दवाखान्यात, जिथे म्हणून सांगतील तिथे. तुम्ही कोण लागता असं विचारलं तर काहीही सांगा, मावशी सांगा, आत्या सांगा. आणि भेटली की समोर उभं राहून बरी आहेस का विचारू नका. समोरून ती तुमच्या ओठांकडे बघेल आणि काही नाही झालं म्हणेल. तिच्या मागे जा, चार पावलं लांब, साध्या आवाजात हाक मारा, आणि थांबा.